दोन पौंडांचे स्वप्न : टिपणवहीएवढ्या संगणकाचा इतिहास

#धागा #इतिहास #तंत्रज्ञान

१/
१९६८ साली अमेरिकेतील एका तरुण संशोधकाने पुठ्ठ्याचा एक नमुना तयार केला. आकार साधारण वहीएवढा. मग त्याने त्यात शिशाच्या गोळ्या ओतल्या आणि तो हातात धरून पाहिला. प्रश्न साधा होता : मुलाला दिवसभर सोबत वागवता यावे असे यंत्र किती हलके असायला हवे? उत्तर मिळाले, दोन पौंडांहून कमी, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. त्या काळचे संगणक खोलीभर जागा व्यापत. संशोधकाचे नाव ॲलन के. दप्तरात सहज मावणाऱ्या आजच्या लॅपटॉपची वंशावळ या पुठ्ठ्याच्या नमुन्यापर्यंत जाते.

२/
ही वंशावळ वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवावे लागतात. पहिला : हे यंत्र कोणासाठी कल्पिले होते आणि प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडले? दुसरा : टिपण काढणे सोपे झाले, तेव्हा विचार करणेही सोपे झाले का? गेल्या पन्नास वर्षांत शाळा, सरकारे आणि विद्यापीठे यांनी या दोन प्रश्नांवर अफाट पैसा आणि श्रम खर्च केले आहेत. त्यांची उत्तरे मात्र अजून वादात आहेत. म्हणून आधी कागदाकडे, कारण संगणकाच्या कितीतरी आधी माणसाने टिपण हलके करण्याचा उद्योग आरंभला होता.

३/
१५०१ साली व्हेनिसमधील मुद्रक आल्डुस मानुटियस यांनी रोमन कवी व्हर्जिल यांचे काव्य लहान, हातात मावेल अशा आकारात छापले. अक्षरेही नवी होती, किंचित उजवीकडे झुकलेली. आज आपण त्यांना इटॅलिक म्हणतो. तोवर विद्वानांचे ग्रंथ बहुधा मेजावर किंवा ग्रंथपीठावर ठेवून वाचायचे अवजड ऐवज असत. छोट्या ग्रंथामुळे वाचन प्रवासाला निघाले. पुढे ॲलन के आपल्या व्याख्यानांत आल्डुस यांचा दाखला वारंवार देत. छपाईचा शोध एक, आणि ग्रंथ माणसासोबत हिंडू लागणे ही दुसरी, तितकीच मोठी क्रांती, असे त्यांचे प्रतिपादन.

४/
वाचन प्रवासाला निघाले, तसे टिपणही सुटे झाले. स्विस पंडित कोनराड गेसनर यांनी १५४८ साली एक युक्ती नोंदवली : वाचताना उतरलेल्या नोंदी कागदाच्या एकाच बाजूला लिहाव्यात, मग कात्रीने त्यांच्या चिठ्ठ्या कापाव्यात आणि हव्या त्या क्रमाने मांडाव्यात. वरवर पाहता ही कारकुनी क्लृप्ती. पण तिच्यात एक मूलभूत गोष्ट दडलेली होती. वहीतील नोंद जिथे लिहिली तिथेच राहते. चिठ्ठी मात्र हलते, आणि ती हलली की दोन दूरच्या गोष्टी शेजारी येतात. नवा विचार अनेकदा त्या शेजारातून उगवतो.

५/
या तंत्राचे एक भव्य उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत कोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांचे दाखले उतरवून काढले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचा संदर्भ आणि ग्रंथाचे नाव. एका शब्दाच्या सर्व चिठ्ठ्या कालक्रमाने लावल्या की त्या शब्दाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते. संगणक नसताना हाताने उभारलेला हा माहितीसाठाच होय.

६/
टिपणाचे दुसरे रूप म्हणजे रेखाटन. पॉर्फिरी या प्राचीन तत्त्वज्ञांच्या वर्गीकरणावरून मध्ययुगीन अभ्यासकांनी झाडाच्या आकृत्या काढल्या : बुंध्यावर व्यापक संकल्पना, फांद्यांवर तिचे भेद. तेराव्या शतकाच्या अखेरीस रामोन लुल यांनी सगळे ज्ञान सोळा वृक्षांच्या रूपात मांडले. आणि १८३७ च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन यांनी आपल्या खासगी टिपणवहीत फांद्या फुटत जाणारे एक वेडेवाकडे झाड काढले. वरच्या कोपऱ्यात दोनच शब्द होते, ‘मला वाटते’. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित व्हायला अजून बावीस वर्षे होती. सिद्धान्ताआधी नकाशा आला होता.

७/
विसाव्या शतकात या झाडांना शिक्षणशास्त्रात मानाचे स्थान मिळाले. १९७२ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षे कशी बदलते याचा अभ्यास करत होते. मुलाखतींच्या लेखी प्रतींचे ढीग साचले. त्यांतून अर्थ काढायचा कसा? संशोधकांनी प्रत्येक मुलाच्या संकल्पना चौकटींत लिहिल्या आणि त्यांना रेषांनी जोडले. प्रत्येक रेषेवर त्या दोन संकल्पनांमधले नाते शब्दांत लिहिले. याला ‘संकल्पना-नकाशा’ हे नाव पडले. हे साधन मुलांसाठी नव्हे, तर संशोधकांच्या अडचणीतून जन्मले. मुलांच्या हाती ते नंतर गेले.

८/
१९७४ साली ब्रिटनमध्ये टोनी बुझान यांनी बीबीसीवरील मालिका आणि तिच्या जोडीचे पुस्तक यांतून ‘माइंड मॅप’ घराघरांत पोहोचवला. मधोमध विषयाचे चित्र, त्यातून निघणाऱ्या रंगीत वळणदार फांद्या, प्रत्येक फांदीवर एकच कळीचा शब्द. मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांविषयी त्या काळी जे सरसकट दावे केले जात, ते पुढील संशोधनात तसे टिकले नाहीत. तरी पद्धत टिकली. कारण एका फांदीवर एकच शब्द लिहायचा, तर कोणता लिहायचा हे ठरवावे लागते. आणि ठरवणे म्हणजेच विचार करणे.

९/
आता संगणकाकडे. ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोतील सभागृहात सुमारे हजार तंत्रज्ञांसमोर डग्लस एंगेलबार्ट यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. त्यात माउस होता, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुराकडे नेणारे दुवे होते. पण टिपणाच्या इतिहासात महत्त्वाचे उदाहरण अगदी घरगुती होते : बाजारहाटाची यादी. एंगेलबार्ट यांनी ती पडद्यावर लिहिली, वस्तूंचे गट पाडले, गट मिटवले, पुन्हा उघडले. नंतर घरी जाण्याच्या रस्त्याचा नकाशा काढून कुठल्या थांब्यावर काय घ्यायचे तेही दाखवले. यादी आणि नकाशा एकाच पडद्यावर नांदू लागले.

१०/
त्या सभागृहातील श्रोत्यांत ॲलन के होते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी ‘लोगो’ नावाची सोपी आज्ञावली-भाषा मुलांच्या हाती दिली होती आणि शाळकरी मुले स्वतः आज्ञावल्या लिहीत होती. के यांच्या मनातील संगणकाची प्रतिमाच पालटली. तोवर तो तज्ज्ञाचे हत्यार वाटे. आता ते त्याच्याकडे वही, पेन्सिल, रंगपेटी यांच्या पंक्तीतले माध्यम म्हणून पाहू लागले. परतीच्या प्रवासातच त्यांनी वहीएवढ्या संगणकाची कल्पना रेखाटली. पुठ्ठ्याचा आणि शिशाच्या गोळ्यांचा नमुना त्यानंतरचा.

११/
१९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून के यांनी आपला निबंध मांडला. शीर्षकाचा आशय असा : सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक. यंत्राचे नाव ‘डायनाबुक’. वहीचा आकार, चार पौंडांहून कमी वजन आणि पाचशे डॉलरच्या आसपास किंमत. निबंधाच्या आरंभी नऊ वर्षांची दोन मुले हिरवळीवर बसून आपापल्या डायनाबुकवर खेळत असतात. खेळता खेळता त्यांना गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न पडतो आणि ती स्वतःच आज्ञावली बदलू पाहतात. के यांच्या कल्पनेचा गाभा इथे होता. मूल यंत्र वापरणारे नव्हे, यंत्र घडवणारे.

१२/
मात्र १९७२ मध्ये ना तसा सपाट पडदा होता, ना तशी स्मृती, ना तशी बॅटरी. म्हणून त्या केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा मेजालगतचा संगणक बनला. त्यात खिडक्या होत्या, माउस होता, चित्रमय पडदा होता. के आणि त्यांचे सहकारी त्याला ‘तात्पुरता डायनाबुक’ मानत. ॲडेल गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांनी आल्टोवर चित्रे काढण्याच्या आणि संगीत रचण्याच्या आज्ञावल्या लिहिल्या. प्रयोग आशादायक ठरला, पण यंत्र मेजाला बांधलेलेच होते. हिरवळ अजून दूर होती.

१३/
१९७८ च्या सुमारास त्याच केंद्रात एक उचलता येण्याजोगे यंत्र सिद्ध झाले. त्याचे नाव होते ‘नोटटेकर’, म्हणजे शब्दशः ‘टिपणकार’. विकसित करणाऱ्यांत के, गोल्डबर्ग, लॅरी टेस्लर आणि डग्लस फेअरबेर्न होते. छोटा पडदा, झाकणातच कळफलक, बॅटरीची सोय. वजन मात्र सुमारे २२ किलो! दहाएक नमुने बनले आणि कंपनीने ते बाजारात आणलेच नाहीत. टिपण काढण्यासाठी नाव देऊन घडवलेल्या या पहिल्या फिरत्या संगणकाला उचलायला मजबूत हात लागत असे. पण त्याची ठेवण वाया गेली नाही.

१४/
१९८१ साली बाजारात आलेल्या ‘ऑस्बोर्न १’ या यंत्राची ठेवण तिच्याशी मिळतीजुळती होती : शिलाई मशिनच्या पेटीसारखी पेटी, झाकणात कळफलक, पाच इंची पडदा, सुमारे ११ किलो वजन, किंमत १,७९५ डॉलर. जोडीला शब्दलेखनाची आणि हिशेबाची आज्ञावली मोफत. निर्माते ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते. त्यांचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी. कंपनी झपाट्याने वाढली आणि १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे २००३ साली ॲडम यांचे निधन कोडाईकनाल येथे झाले.

१५/
१९८२ साली ‘ग्रिड कंपास’ आला. आज प्रत्येक लॅपटॉप ज्या तऱ्हेने उघडतो-मिटतो, ती शिंपल्यासारखी रचना त्यात होती. आरेखनकार बिल मॉग्रिज. कंपनीचे संस्थापक जॉन एलेन्बी हेदेखील झेरॉक्सच्या त्याच केंद्रातून आलेले. मॅग्नेशियमचे कवच, पिवळसर पडदा, वजन सुमारे ५ किलो आणि किंमत ८,१५० डॉलर. गिऱ्हाईक कोण? बडे अधिकारी, सैन्य आणि नासा. १९८३ साली हे यंत्र अवकाशयानातून अंतराळात गेले. डायनाबुकच्या कल्पनेतील नऊ वर्षांच्या मुलांना ही किंमत कधीच परवडणार नव्हती.

१६/
मॉग्रिज यांनी पुढे एक मार्मिक अनुभव नोंदवला. आपण घडवलेले यंत्र घरी नेऊन वापरू लागताच, कवचाची सुबकता ते काही मिनिटांत विसरले. मन गुंतले ते पडद्यावर काय चालले आहे त्यात. वस्तूचे आरेखन पुरेसे नाही, वस्तूशी होणाऱ्या व्यवहाराचेही आरेखन करावे लागते, हे त्यांना उमगले. या जाणिवेतून ‘इंटरॲक्शन डिझाइन’ ही विद्याशाखा आकाराला आली आणि तिला हे नाव देणाऱ्यांत मॉग्रिज स्वतः होते. हलके यंत्र बनवणे ही अर्धी कामगिरी. ते हातात असताना विचार अडखळू न देणे ही उरलेली अर्धी.

१७/
ती उरलेली अर्धी कामगिरी १९८३ साली एका अगदी साध्या यंत्राने करून दाखवली. ‘टीआरएस-८० मॉडेल १००’. जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवलेले, अमेरिकेत रेडिओ शॅकने विकलेले. पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठच ओळी. वजन सुमारे दीड किलो. चार साध्या पेन्सिल सेलवर ते वीसेक तास चाले. बटण दाबताच लिहायला तयार. आत मोडेम असल्याने बातमी टेलिफोनवरून थेट कार्यालयात पाठवता येई. वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतले. त्याच्या आज्ञावलीचा मोठा भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिण्यात हातभार लावलेला होता.

१८/
मॉडेल १०० च्या यशाचे मर्म त्याच्या मर्यादांत होते. त्यावर फारसे काही करता येत नसे. लिहिता मात्र येई. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने आज्ञावल्यांतही टिपणाचा विचार पुढे सरकला. डेव्ह वायनर यांनी ‘थिंकटँक’ ही मुद्दे-उपमुद्दे रचणारी आज्ञावली आणली. मुद्दा उचलला की त्याखालचे सारे उपमुद्दे सोबत हलत. १९८६ च्या ‘मोअर’ या तिच्या वारसदाराने त्या याद्यांचे झाड एका आज्ञेसरशी पडद्यावर उभे केले. गेसनर यांची कात्री आणि लुल यांचा वृक्ष आता एकाच पडद्यावर आले होते.

१९/
मराठी वाचकाच्या दृष्टीने या काळात आणखी एक अडसर होता, लिपीचा. यंत्र हलके झाले तरी देवनागरी हलकी झाली नव्हती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठीच्या ‘जिस्ट’ तंत्राचा विकास पुढे नेला. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत राष्ट्रीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरी पुढे बराच काळ मराठी मजकूर फॉन्टागणिक वेगळ्या संकेतांत अडकून पडे. एका संगणकावर काढलेले टिपण दुसऱ्यावर उघडले की अक्षरांचा कचरा दिसे.

२०/
हा मुद्दा किरकोळ नाही. शोधता येत नाही, हलवता येत नाही, जोडता येत नाही असे टिपण म्हणजे भिंतीत चिणलेली चिठ्ठी. इंग्रजीत लिहिणाऱ्याला १९८३ मध्ये जे सुख मिळाले, ते मराठीत लिहिणाऱ्याला युनिकोड रुळेपर्यंत मिळाले नाही. परिणामी कित्येक मराठी विद्यार्थी आणि अभ्यासक यांनी संगणकावर इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांत टिपणे काढण्याची सवय लावून घेतली. साधन कोणत्या भाषेत सहज चालते, यावर माणूस कोणत्या भाषेत विचार नोंदवतो हेही काही अंशी ठरते. यंत्राच्या इतिहासात वजनाइतकीच लिपीचीही नोंद ठेवावी लागते ती यामुळे.

२१/
पुन्हा मुलांकडे. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली : दर मुलामागे एक. नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत हिरवा नमुना दाखवला गेला. वीज निर्माण करण्यासाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. अन्नान यांनी तो फिरवताच दांडा निखळला. या प्रकल्पामागे पॅपर्ट यांचे शिक्षणविचार होते आणि सहभागींमध्ये ॲलन के. तीन दशकांनी डायनाबुक हिरवळीकडे निघाला होता.

२२/
२००७ अखेरीस ‘एक्सओ’ नावाने आलेले यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने अजोड होते. वजन सुमारे दीड किलो. पंखा नाही, फिरती हार्ड डिस्क नाही. मेरी लू जेप्सन यांनी आरेखिलेला पडदा भर उन्हात कृष्णधवल होऊन वाचता येई. ‘शुगर’ नावाच्या त्याच्या प्रणालीत फायली आणि फोल्डर यांऐवजी रोजनिशी होती. मुलाने केलेले प्रत्येक काम दिवसाच्या क्रमाने तिथे नोंदले जाई. शुगरसाठी ‘लॅबिरिंथ’ हे विचार-नकाशे काढण्याचे साधनही उपलब्ध झाले. किंमत मात्र शंभरावर न थांबता दोनशे डॉलरच्या जवळ पोहोचली.

२३/
भारतात या प्रकल्पाचा प्रवास खडतर होता. २००६ साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्याला नकार दिला. भूमिका अशी की यंत्रांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड मोठी आहे. तरीही २००७ मध्ये भारतातील पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांच्या हाती ही हिरवी यंत्रे आली. अमेरिकी संशोधकाच्या निबंधातील हिरवळीवरच्या मुलांची कल्पना पस्तीस वर्षांनी कोकणच्या एका वाडीपर्यंत येऊन पोहोचली होती.

२४/
जगभरात मोठ्या प्रमाणावर यंत्रे वाटणाऱ्या देशांत पेरू अग्रभागी होता. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. यंत्रे मिळाली, वापरली गेली; पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत सुधारणा आढळली नाही. सामान्य आकलनक्षमतेच्या चाचण्यांत काही लाभ दिसला. उरुग्वेने मात्र २००७ पासून जोडणी, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांसह राष्ट्रीय योजना राबवली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांपर्यंत यंत्रे पोहोचवली. यंत्र तेच होते. भोवतालची व्यवस्था निराळी होती.

२५/
प्रकल्पाचा एक अनपेक्षित वारसा बाजारात उमटला. स्वस्त आणि छोटे यंत्र शक्य आहे हे दिसताच २००७ मध्ये आसुस कंपनीने सात इंची ‘ई पीसी’ आणला. वजन ०.९२ किलो! शिशाच्या गोळ्यांनी ठरवलेले दोन पौंड एकोणचाळीस वर्षांनी जवळपास तंतोतंत गाठले गेले. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून १.३६ किलोचा ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखवला. त्यानंतर हलका लॅपटॉप ही चैन राहिली नाही. महाविद्यालयीन वर्गांत वह्यांच्या जागी पडदे उघडू लागले. आणि तिथे दुसरा प्रश्न उभा राहिला.

२६/
२०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग प्रसिद्ध केले. लॅपटॉपवर टिपणे काढणारे विद्यार्थी अधिक शब्द टिपत, पण व्याख्यात्याचीच वाक्ये जशीच्या तशी उतरवत. संकल्पनांवरील प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडले. शब्दशः उतरवू नका असे बजावूनही फारसा फरक पडला नाही. या निष्कर्षांचा जगभर गवगवा झाला. २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा केले. शब्दशः उतरवण्याची प्रवृत्ती २०२१ च्या प्रयोगातही दिसली. परीक्षेतील कामगिरीतला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही.

२७/
म्हणजे दोष कळफलकाचा आहे असे म्हणता येत नाही आणि तो निर्दोष आहे असेही नाही. हाताने लिहिणारा वेगात कमी पडतो, म्हणून त्याला निवड करावीच लागते. कळफलक ती सक्ती काढून घेतो. सक्ती गेली की निवड जाणीवपूर्वक करावी लागते. व्याख्यान चालू असताना मोजके शब्द आणि ते संपल्यावर त्या शब्दांचा नकाशा, ही जोडपद्धत इथे उपयोगी पडते. कारण नकाशा काढताना मजकूर उतरवून भागत नाही, कशाचे कशाशी काय नाते आहे हे सांगावेच लागते. नोवाक यांनी रेषेवर शब्द लिहिण्याचा आग्रह धरला तो याचसाठी.

२८/
ॲलन के यांनी पुढेही वेळोवेळी सांगितले की आजची हलकी यंत्रे म्हणजे डायनाबुक नव्हे. आकार जमला, वजन जमले, पडदा तर कल्पनेहून सरस झाला. पण मुलाने स्वतः साधन घडवावे, आज्ञावली बदलून प्रश्नाचा पाठलाग करावा, ही अपेक्षा मागे पडली. बहुतेक यंत्रे पाहण्यासाठी आणि विकत घेण्यासाठी अधिक सोयीची झाली. १९७२ च्या निबंधातील मुले गुरुत्वाकर्षणाच्या शोधात आज्ञावली उघडत होती. आजच्या बहुसंख्य मुलांपुढे ती उघडण्याचा मार्गच झाकलेला असतो.

२९/
कत्रे यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी लिहिताना प्रत्येक वेळी ठरवले, हा दाखला घ्यायचा की सोडायचा. डार्विन यांनी झाड काढताना ठरवले, ही फांदी कुठून फुटते. एंगेलबार्ट यांनी बाजाराच्या यादीतही गट पाडले. साधने वेगळी, शतके वेगळी, कृती एकच : निवडणे आणि जोडणे. नऊशे ग्रॅमचे यंत्र ती कृती प्रवासात, झाडाखाली, एसटीच्या बाकावर करू देते, हे त्याचे खरे देणे आहे. दोन पौंडांचे स्वप्न तंत्रज्ञांनी पूर्ण केले. त्या स्वप्नातील मुलाचे काम अजून ज्याच्या त्याच्या हाती आहे.

#धागा_समाप्त